‘संतोष’ची भीती कोणाला?

संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा हिंदी चित्रपट 2024 साली कान महोत्सवात गाजला. ब्रिटनने तो आपला अधिकृत चित्रपट म्हणून ऑस्करला पाठवला. ज्या देशाची ही कथा, त्या देशात मात्र मार्च 2025 मध्ये सेन्सॉर मंडळाने त्याची वाट अडवली. पोलिसांचे चित्रण, स्त्रीद्वेष, मुस्लिमद्वेष, सगळेच मंडळाला खटकले. ऑक्टोबर 2025 मध्ये ओटीटीवर होणारे प्रदर्शनही ऐनवेळी रद्द झाले.

असे काय आहे या चित्रपटात? उत्तरेतल्या एका खेड्यात दलित मुलगी बेपत्ता होते. बाप पोलीस ठाण्यात जातो, तर त्याची टिंगल होते, तक्रार घेतली जात नाही. पुढे मुलीचे प्रेत विहिरीत सापडते. लोक रस्त्यावर उतरतात, तेव्हा कुठे यंत्रणा हलते. हलते तीही एका मुस्लिम तरुणाला पकडण्यासाठी. मारहाणीत तो कोठडीतच मरतो. गावचे धनदांडगे मोकळेच राहतात.

संतोष ही या ठाण्यातली नवी शिपाई. दंगलीत नवरा गेला, सासरच्यांनी दार बंद केले, सरकारी क्वार्टरही जाणार. अनुकंपा तत्त्वावर नवऱ्याची नोकरी मिळाली म्हणून ती जगली. आणि हीच बाई कोठडीतल्या त्या पोरावर हात उगारते. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. सासरी आणि ठाण्यात पिचलेल्या विधवेलाही मारायला तिच्या खालचा कोणीतरी मिळतो. भाकरीची गरज माणसाच्या हातात काठी देते. आमच्या मते मंडळाला झोंबले ते हेच. हाणामारीचे चित्रपट तर दर शुक्रवारी बिनदिक्कत पास होतात!

हा पडद्यावरचा बनाव नव्हे, हे आम्ही महाराष्ट्रातल्या लोकांना कोणी सांगायला नको. परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा एक विद्यार्थी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला उच्च न्यायालयाला जुलै 2025 उजाडावा लागला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही आदेश कायम राहिला.

अॅट्रॉसिटी कायदा 1989 चा आहे. त्यातील कलम 4 नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. फिर्याद न नोंदवणे हीसुद्धा कसूरच आहे. पण बापाला ठाण्यातून हाकलून देणाऱ्या अंमलदारावर हे कलम लावायचे कोणी? त्याच ठाण्याने? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देण्याचे धाडस कोणत्याही पक्षाच्या सरकारला झालेले नाही.

याच मंडळाने एप्रिल 2025 मध्ये ‘फुले’ चित्रपटातून महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले. जात पाळलेली चालते, जातीचे नाव घेतलेले चालत नाही, असा हा न्याय!

‘संतोष’बद्दल आमची एक तक्रार जरूर आहे. कॅमेरा शिपाईबाईची पाठ सोडत नाही. मुलीचे घर बाहेरूनच दिसते, तिचा बाप याचक म्हणूनच येतो. रस्त्यावर उतरलेली माणसे गर्दी होऊन राहतात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून पाण्यासाठी आणि न्यायासाठी झगडणारा समाज केवळ गर्दी नाही. त्याला विचार आहे, संघटना आहे, स्वतःचा आवाज आहे. ती कथा आपल्याच लेखक-दिग्दर्शकांना सांगावी लागेल.

पण ही टीका करण्याचा हक्क प्रेक्षकांचा आहे, मंडळाचा नाही. म्हणून ‘संतोष’ प्रदर्शित करा, ही मागणी चळवळीने लावून धरावी. त्याचबरोबर आपल्या तालुक्यात फिर्याद नाकारली गेली की कलम 4 खाली कारवाईचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बापाला रिकाम्या हाताने परत पाठवणारे ठाणे बदलले, तरच ती विहीर टळेल.