पळसाला परसात जागा द्या

फाल्गुन लागला की वाशीम जिल्ह्यातील माळ आणि शेतांचे धुरे पळसाच्या केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसतात. होळीच्या रंगासाठी आपण ती फुले टोपलीभर आणतो. परंतु पळस कोणी हाताने लावलेला तुम्ही पाहिला आहे काय? ‘तो रानात आपोआप येतो, लावायचा कशाला?’ असे लोक म्हणतात. मला हे म्हणणे पटत नाही.

तोडलेला पळस बुंध्यापासून पुन्हा फुटतो हे खरे. पण धुरा मोडून मुळेच खणून काढली, की भरवसा उरतो तो केवळ बियांचा. आणि पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी बी असते एकच! त्याच्या शास्त्रीय नावातील ‘मोनोस्पर्मा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘एकबीजी’. ही बी फार दिवस टिकतही नाही. म्हणूनच रंगासाठी फांद्या ओरबाडू नका. झाडाखाली पडलेली फुले वेचून उकळा. त्यात चुन्याची निवळी घातली की रंग कसा गडद होतो ते पाहा.

शोभेसाठी आपण शाळेपुढे गुलमोहर लावतो. तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. पळस इथलाच. काळ्या, चिबड जमिनीतही तो तग धरतो. त्याच्या फुलांना सुगंध नाही, पण रंग पाहून साळुंक्या व सूर्यपक्षी मधुरसासाठी येतात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. परसात पळस असला तर हा परागणाचा पाठ खिडकीतून पाहता येईल.

रानातले रोप मात्र उपटून आणू नका. त्याचे सोटमूळ खोल गेलेले असते. ते तुटले की रोप सहसा जगत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस वाळून पडलेल्या शेंगा गोळा करा आणि मृगाच्या पावसात ताजी बी कायमच्या जागीच पेरा. एका जागी दोन-तीन बिया टाका व जोमदार रोप तेवढे ठेवा.

पळस सावकाश वाढतो. आठवीत लावलेला पळस तुम्ही शाळा सोडाल तोवर बहुधा फुलणार नाही. पण आज धुऱ्यावर फुललेले पळसदेखील तुमच्या आधीच्या कोणीतरी कुऱ्हाडीपासून राखले, म्हणूनच तुम्हांला दिसतात. शिक्षकांनी मनावर घेतले, तर प्रत्येक शाळेच्या आवारात एका पळसापुरती जागा खचित निघेल.