अनुदान बसला, थांबा मात्र वाऱ्यावर

चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशाला बसमध्ये चढता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी अनुदानाच्या अटींवर ठरते. नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन उपक्रमाला 2009 नंतर केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून बसखरेदीसाठी साह्य मिळाले. त्यासोबत केंद्राची बसविषयक मानकेही आली आणि कमी उंचीच्या गाड्यांना चालना मिळाली. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यात मात्र विजेवरील बसचे अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर, प्रतिकिलोवॅट-तास 20 हजार रुपये असे मोजले गेले. प्रदूषण घटवण्याचा हेतू रास्तच. पण पायरीची उंची या हिशेबात नव्हती.

खरी अडचण थांब्यावर आहे. बसचा तळ 400 मिलिमीटर उंच असेल आणि थांब्याचा चौथरा 150 मिलिमीटर, तर उतरत्या फळीला 250 मिलिमीटरच चढ पार करायचा असतो. बस चौथऱ्यापासून दूर, भर रस्त्यात उभी राहिली की तोच चढ 400 मिलिमीटरचा होतो. एक मीटर लांबीच्या फळीवर तो कोणालाही एकट्याने चढवणार नाही. रिक्षा आणि दुचाकींनी अडवलेल्या थांब्यावर तर लाखो रुपयांची सुविधा निरुपयोगीच ठरते.

दिव्यांग हक्क कायद्याचे (2016) कलम 41 वाहन आणि थांबा दोहोंचा विचार करते. सुलभतेचे निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले. तेव्हा बसखरेदीच्या पुढील प्रस्तावात थांब्यांचा खर्च धरला जातो की नाही, हे पाहावे लागेल.