सडपातळ देह, धोक्यातील हृदय

गडचिरोली : मधुमेह आणि हृदयविकार हे शहरी, स्थूल व सुखवस्तू माणसांचे आजार, ही समजूत अद्याप पक्की आहे. गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्याच्या वाट्याला मलेरिया आणि कुपोषणच येणार, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांमधील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पक्षाघात हे तेथील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. दर सात मृत्यूंपैकी एक त्याचा होता.

रक्तवाहिन्यांचे विकार जंगलापर्यंत पोहोचल्याचा हा पुरावा आहे. त्यांना कारणीभूत ठरणारे उच्च रक्तदाब व मधुमेह हृदयालाही सोडत नाहीत. मात्र, सडपातळ माणसातील हा धोका वजनकाट्यावर दिसत नाही.

तो का दिसत नाही, याचे उत्तर पुण्यातील संशोधनाने दिले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

चरबी किती, याइतकेच ती कोठे साठते हेही महत्त्वाचे असते. त्वचेखालील चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. यकृतात व आतड्यांभोवती साठलेली चरबी इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. हृदयालगतची चरबी दाह वाढविणारी द्रव्ये स्रवते. जोडीला मधुमेह असल्यास हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होतो. त्याचे आकुंचन ठीक राहते, पण दोन ठोक्यांमध्ये तो पुरेसा सैलावत नाही आणि रक्त भरून घेण्याची क्षमता घटते. प्रारंभी लक्षणे नसतात. धाप लागू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

या शरीररचनेचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो आढळले. येथील बालकांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गडचिरोलीत ‘सर्च’च्या १९९५-९६ मधील पाहणीत ४२ टक्के नवजात बालके कमी वजनाची होती. कमी जन्मवजनाचा पुढील आयुष्यातील मधुमेहाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. ती पिढी आता तिशीत आली आहे.

देशपातळीवरील आकडेही हेच सुचवितात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अहवालात बीएमआयनुसार स्थूल २८.६ टक्के, तर पोटाचा घेर वाढलेले ३९.५ टक्के प्रौढ आढळले. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर मानली जाते.

तिशीपुढील व्यक्तींसाठी ‘आशा’ सेविका भरत असलेल्या सरकारी तपासणी तक्त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. नव्या यंत्राची गरज नाही. मोजपट्टी पुरेशी आहे. तो रकाना अंदाजाने न भरता मोजून भरला गेला आणि घेर जास्त निघालेल्या बारीक माणसाचीही रक्तशर्करा तपासली गेली, तरच धाप लागण्यापूर्वी त्याचा धोका कळेल.