लेकरांना रस्ता वाचता येतो का?



आज घरी गेल्यावर आपल्या पाचवी-सहावीतल्या लेकराला एक प्रश्न विचारून बघा. "आपल्या गावाजवळून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचा नंबर काय?" बहुतेक मुलं गप्प राहतील. त्याच मुलाला भारतातला सर्वात लांब महामार्ग कोणता, असं विचारा. तो स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं उत्तर धडाधड सांगेल. श्रीनगर ते कन्याकुमारीचा रस्ता पाठ आहे, पण रोज ज्याच्या कडेने चालत शाळेत येतो तो रस्ता अनोळखी आहे. माझा आक्षेप यालाच आहे.

मला रस्त्यांचा नाद आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी दोन दिवस दुचाकीवर आपल्याच हिंगोली जिल्ह्यातले रस्ते बघत फिरलो. वाटेत चहाला थांबलो की लोक विचारायचे, "गुरुजी, लग्नाला निघालात का? की औंढ्याला दर्शनाला?" रस्ता बघायला निघालोय म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे बघायचा. पण खरं सांगतो, त्या दोन दिवसांत परिसर अभ्यास, गणित, इतिहास आणि मराठी या चारही विषयांचं इतकं साहित्य मिळालं की वर्षभर पुरेल. आणि तेही फुकट.

सुरुवात नंबरापासून करू. पैनगंगा ओलांडून कनेरगाव नाक्याला आलं की आपला जिल्हा लागतो. तिथून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा असा जो रस्ता नांदेडकडे जातो, तो राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोल्याहून निघतो आणि थेट तेलंगणात संगारेड्डीला पोचतो. वारंगा फाट्यावर त्याला ३६१ मिळतो. हा तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ करत नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत जाणारा रस्ता. आता मुलांना विचारा, १६१ आणि ३६१ मध्ये सारखं काय आहे? दोन्हींच्या शेवटी ६१ आहे. हा योगायोग नाही. २०१० साली देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले, तेव्हा तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे ठेवले. म्हणजे १६१ आणि ३६१ या ६१ च्या लेकी. आणि त्यांची आई कुठे राहते? आपल्याच जिल्ह्यात, वसमतला! कल्याणकडून माळशेज घाट चढून, अहिल्यानगर, परभणी, वसमत, नांदेड करत निर्मलकडे जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६१. एका लहानशा जिल्ह्यात आई आणि दोन लेकी भेटतात.

इथेच एखादं चौकस पोर तुम्हाला अडवेल, आणि अडवायलाच पाहिजे. नियम असा की पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य महामार्गांना विषम क्रमांक आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम. ६१ पूर्व-पश्चिम जातो म्हणून विषम. नागपूरवरून जाणारा ४४ उत्तर-दक्षिण, म्हणून सम. मग आपला १६१ तर वरून खाली, उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, तो विषम कसा? कारण त्याने स्वतःच्या दिशेचा नाही, आईचा नंबर घेतलाय. सम-विषम संख्या शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

शहरात शिरलं की दुसरं पुस्तक उघडतं. हिंगोलीत नांदेड नाका आहे, अकोला बायपास आहे, औंढा रोड आहे. ही नुसती पत्त्याची नावं नाहीत, या बाजूने गेलात तर कुठे पोचाल ते सांगणाऱ्या पाट्याच आहेत त्या. आणि गावातली जुनी नावं बघा: रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या काळात हिंगोली लष्करी ठाणं होतं. घोडदळ राहायचं तो रिसाला, पायदळ ती पलटण, तोफा असायच्या तो तोफखाना आणि निवृत्त शिपायांचा पेन्शनपुरा. अख्खी छावणी रस्त्यांच्या नावांत शिल्लक आहे. चौथीच्या मुलांना सातारा-पुण्याचा इतिहास जरूर शिकवू, पण रिसाल्यातल्या मुलाला रिसाला म्हणजे काय हे माहीत नसावं? एक आपलं सहज आठवलं म्हणून सांगतो. वसमत हे नाव रेल्वे स्टेशनवर बसमत होतं. एकाच गावाची दोन रूपं का, यावर सातवीच्या वर्गात अर्धा तास चर्चा होऊ शकते.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते चिन्हांबद्दल. वाहतुकीची चिन्हं आपण तक्ता लावून शिकवतो. मुलं ती रंगवतात, तक्ता भिंतीवर चढतो, संपलं. कोणत्या आकाराचा अर्थ काय, हे क्वचितच सांगितलं जातं. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सांभाळा. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई. निळं वर्तुळ म्हणजे असंच करा. निळा आयत म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप वगैरे. थांबा सांगणारी पाटी तेवढी अष्टकोनी, म्हणजे धुळीने अक्षरं झाकली किंवा पाठमोरी दिसली तरी ओळखू यावी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावी, अशी ही लिपी आहे. इंग्लंडमध्ये १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी तिथली चिन्हं नव्याने आखली. शाळेच्या पाटीवर आधी मुलगा मुलीला हात धरून नेत असे. कॅल्व्हर्टबाईंनी मुलीला पुढे आणलं, आणि ती मुलगी स्वतःच्या लहानपणच्या फोटोवरून काढली. आपल्या रस्त्यावरच्या शाळेच्या पाटीवर कोण दिसतं, ते मुलांनाच बघून यायला सांगा.

पाटी बघायला गेलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट दिसेल. १६१ चार पदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला. तो आवश्यकच होता, जुन्या रस्त्याचे हाल आपण सगळ्यांनी सोसलेत. पण रस्ता रुंद झाला की गाव दोन भागांत वाटलं जातं. शेत या बाजूला, शाळा त्या बाजूला. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे येते. चालकाने मूल बघितलं आणि पाय ब्रेककडे नेला, एवढ्यात हा सेकंद जातो. गाडी थांबायला तर त्यानंतर सुरुवात होते. हे फळ्यावर सांगू नका. मोठ्यांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. मुलांना मैदानावर २२ मीटर मोजून रेघ मारायला लावा, एका टोकाला "गाडी" उभी करा, दुसऱ्या टोकाला "मूल". "एक" म्हणेपर्यंत गाडी इथपर्यंत आली, हे डोळ्यांनी दिसलं की वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता पालकांना दोन शब्द, रागावू नका. दुभाजक जिथे उघडा आहे ती जागा एक-दीड किलोमीटर लांब पडते म्हणून आपण दुचाकी उलट्या दिशेने घालतो. टाकीवर लेकरू बसलेलं असतं. त्या दोन दिवसांत हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं की मोजणं सोडून दिलं. शाळेतला तक्ता काय सांगतो याच्याशी त्या लेकराला काही देणंघेणं नसतं. बाप काय करतो, हाच त्याचा तक्ता. आणि आपण "नेहमी डावीकडून चाला" असं सरसकट शिकवतो, तेही जरा तपासा. वाहनाने डावीकडून जायचं. पायी चालणाऱ्याला पदपथ नसेल तर उजवीकडून, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालणं जास्त सुरक्षित.

सहलीबद्दलही एक मागणं आहे. दिवाळीनंतर सहली निघतील. बस सुटली की गाणी, भेंड्या आणि मग झोप. लेकरं थेट मुक्कामी जागी होतात. गाणी जरूर म्हणा, पण पहिला तासभर प्रत्येकाच्या हातात एक वही द्या. दगडाच्या टोकाचा रंग लिहा: पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. ओलांडलेल्या नद्या लिहा. कयाधू किती वेळा लागली? "प्रजिमा" असं कुठे दिसलं तर त्याचा अर्थ शोधा. (प्रमुख जिल्हा मार्ग. मोठ्यांपैकी किती जणांना माहीत होतं?)

रंगाचा उपयोग पुढे होतोच. तुमच्या शाळेच्या अलीकडे शाळेची पाटी आहे का, आणि फाटकापासून ती किती पावलांवर आहे, हे मुलांना मोजू द्या. पाटी नसेल, वाकली असेल, बाभळीच्या फांदीत लपली असेल, तर पत्रलेखनाच्या तासाला "आजारी असल्याने रजा मिळणेबाबत" हा ठरलेला अर्ज बाजूला ठेवा आणि खरा अर्ज लिहून घ्या. कोणाला लिहायचा ते दगड सांगेल. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला, गावचा रस्ता असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला. राष्ट्रीय महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, तो मुख्याध्यापकांनी लावावा. अर्जाखाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत नोटीस बोर्डावर तारखेसह लावून ठेवा, उत्तर येईपर्यंत.