तहानेच्या पठारावरचे सान

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडचे, सुमारे ९०० मीटर उंचीवरचे कलहारी नावालाच वाळवंट. इथे गवत वाढते, बाभळी तग धरतात. पण पडलेला पाऊस वाळूत जिरतो, वर टिकत नाही. लांब शिंगांचे गेम्सबॉक हरीण कित्येक आठवडे पाण्यावाचून काढते; त्सामा नावाचे रानकलिंगड आणि कंद हेच त्याचे पाणी. इथले मूळचे शिकारी सान लोकही तेच खात. शिवाय शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी भरून ते वाळूत पुरून ठेवीत. बिनखर्चाचा रांजणच म्हणा ना!

मध्य कलहारी अभयारण्य १९६१ साली झाले, तेव्हा प्राण्यांबरोबर सान लोकांचाही विचार झाला होता. तरी १९९७ आणि २००२ मध्ये बोट्स्वाना सरकारने त्यांना बाहेर हलवले. मोथोमेलो वस्तीची कूपनलिकाही बंद केली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. परतलेल्यांना कूपनलिका वापरायला मात्र मनाई! म्हणजे घर मिळाले, घोटभर पाणी नाही. अखेर जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने स्वखर्चाने पाणी काढण्याचा त्यांचा हक्क मान्य केला.