वकील कोणास द्यावा?

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत ठेकेदाराकडे राबणारा आमचा एक बांधव कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या अपमानास दहा महिने झाले होते. पाण्याच्या टाकीजवळ मुकादमाने चार कामगारांदेखत त्यास जातीवरून शिवी दिली. महिनाभरात काम गेले. आणि पोलीस ठाण्याने फिर्याद न नोंदविता अर्जावर पोचेचा शिक्का तेवढा मारून दिला. आमच्या वकील मंडळींच्या बैठकीत प्रश्न निघाला, यास वकील द्यावा काय? एकाने विचारले, साक्षीदार टिकतील काय? दुसऱ्याने विचारले, याने दीक्षा घेतली आहे काय, घरातील देव काढले आहेत काय? तिसऱ्यास खटला पडल्यास समाजाची नाचक्की होईल ही चिंता. निर्णय तीनदा पुढे ढकलला गेला. त्या बैठकीत आम्हीही होतो व गप्प होतो.

या विलंबाची किंमत त्या बांधवाने दिली. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यान्वये कृत्य घडल्यापासून एक वर्ष लोटल्यावर आयोगास चौकशी करता येत नाही. आयोगाचा रोख मुख्यत्वे लोकसेवकाच्या कृत्यावर व हयगयीवर असतो. म्हणजे मुकादमाविरुद्ध नव्हे, तरी फिर्याद न नोंदविणाऱ्या पोलिसाविरुद्ध ते दार उघडे होते. आमची चर्चा चालू असता ते बंद झाले.

कायद्याची कसोटी मुळात आमच्या कसोटीहून सोपी आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, औद्योगिक कामगार यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १३ वे कलम एवढेच पाहते की प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे काय. खटला जिंकेल काय, हे ते विचारीत नाही. धर्मांतराने हा हक्क गेला, असे प्रतिपक्षाचे वकील आजही कोर्टात मांडतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे. तेव्हा मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला प्रत्येक कुटुंबाने वेळीच काढून ठेवावा. जात टाकली, मग ती दाखल्यावर कशास, असे अनेकजण आम्हास विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु शिवी देणाऱ्याने ती टाकलेली नाही.

जिंकण्याची खात्री हीच अट असती तर महाडचा दावा कोणी लढविला असता? १९२७ साली सनातन्यांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. या वसाहतीपासून जवळच असलेले माणगाव १९२० च्या परिषदेच्या वेळी कागल जहागिरीत होते. त्याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या, त्या काय खात्रीचे दावे निवडण्यासाठी?

म्हणून प्रत्येक तक्रार उचलावी असेही नव्हे. रजेचा किंवा मजुरीचा तंटा जातीच्या नावाखाली आणला, तर तसे स्पष्ट सांगून तो मजूर न्यायालयाच्या वाटेस लावावा; खोटी फिर्याद तर हाती धरूच नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यास अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झालेला लागतो. बंद खोलीतील शब्दांवर तो खटला उभा राहत नाही, हे तक्रारदारास पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. पण नकार द्यावयाचा तर आठवड्याच्या आत, लेखी व कारणांसह. म्हणजे त्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येईल, आणि तेथे नाकारले तर अपीलही करता येईल. दीक्षेचा प्रश्न मात्र कोणीही विचारू नये. शेजारच्या यंत्रावरील मातंग किंवा मुसलमान भगिनी आली तरी तिचे कागद त्याच टेबलावर वाचले जावेत.

त्या बांधवाची फौजदारी वाट अद्याप खुली आहे. या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने मुदतीची आडकाठी नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीही लागत नाही. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज गेला आहे. तेथे दाद न लागल्यास न्यायालयात जाऊ. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, तेव्हा वर जावे लागले तरी मुंबईचे भाडे नको. चार साक्षीदारांपैकी दोघे बोलावयास तयार आहेत. येत्या रविवारी त्यांचे जबाब लिहून घेण्याचे ठरले आहे.