वाइनला सुगंध, फेणीला वास

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला, नाशिकहून थेट. चार मित्र, एक गाडी, तीन रात्री आणि दोन वायनरी असा बेत करून तो गेला होता. बॅग खाली ठेवायच्या आधी मोबाइल पुढे आला. पोलादी टाक्या, ओकची पिंपे, संध्याकाळचे ऊन आणि हातात पेला धरलेली ही चौकडी.

"मामा, शरद म्हणजे वाइनचा सीझन!" तो म्हणाला.

"द्राक्षं कशी होती?" मी विचारले.

तो जरा थांबला. "द्राक्षं नव्हती. वेली छाटलेल्या होत्या."

असणारच. नाशिकचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. घड तयार होतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे आपल्याकडच्या शरदात वेलीवर नुकती फूट असते, आणि फळाचा पत्ता नसतो. शरदात द्राक्ष उतरते ते युरोपात. तिथल्या सुगीची जाहिरात उचलून आपण ती आपल्या आश्विन-कार्तिकावर चिकटवली आहे. हे त्याला सांगितले तर तो हसला. म्हणाला, "असू दे, पण शिकायला खूप मिळालं."

आणि खरेच तो शिकून आला होता. पेला दांड्याला का धरायचा, तिरका करून रंग कसा पाहायचा, मग तो घोळवून नाक आत कसे न्यायचे, सगळे त्याने करून दाखवले. एका पांढऱ्या वाइनमध्ये पेरू होता, दुसरीत हिरवी ढब्बू मिरची, एका लाल वाइनमध्ये म्हणे ओली माती. मी थट्टा करत नाही. मी कान देऊन ऐकत होतो. आपल्या नाकाला काय जाणवले ते शब्दात सांगता येणे ही मोठी गोष्ट आहे.

मग मी कपाटातून माझी बाटली काढली. सत्तरीतल्या एका भट्टीवरची, मे महिन्यात आणलेली काजूची फेणी. बोटभर त्याच्या पेल्यात ओतली. त्याने पेला नाकाशी नेला आणि झटकन दूर केला.

"शी मामा, काय वास मारते!"

वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे.

नाक तेच होते, माणूस तोच, आणि मध्ये दहा मिनिटेही गेली नव्हती. वाइनमध्ये ओली माती सापडली तर तो गुण, आणि फेणीत पिकलेला बोंडू सापडला तर तो 'वास'. मग हे नाकाचे काम राहिले कुठे? आपण वाइनची चव घेत नाही, तिच्या प्रतिष्ठेची घेतो. आणि फेणी नाकारतो तेव्हा ती करणाऱ्या माणसाला नाकारत असतो. हे माझे म्हणणे आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.

आता पाय पाहू या. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात, जिथली सीमा पोर्टच्या द्राक्षांसाठी १७५६ सालीच आखली गेली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षे खुडतात. काही जुन्या घरांत आजही ती दगडी हौदात घालून माणसे गुडघाभर रसात उभी राहून तुडवतात. त्या हौदाला ते 'लागार' म्हणतात. जगभरचे प्रवासी पैसे मोजून तिथे पाय बुडवायला जातात. अकरा नोव्हेंबरला सांव मार्तिनाच्या दिवशी भाजलेल्या चेस्टनटांबरोबर नव्या वाइनची चव घेतात. त्यांचा शरद त्यांच्या मातीतला आहे. त्यांना तो शोभतो.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात डोंगरावर हेच होते. दगडात कोरलेली कोळंबी, तीत लालपिवळे बोंडू, आणि ते तुडवणारे पाय. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग बांधून त्यावर वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो नीरो, लहान मुलांनीही प्यावा असा. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो, मग तांब्याच्या भाणात उकळतो आणि वाफेचे पाणी होऊन लावणीत उतरतो. ती पहिली धार म्हणजे हुर्राक. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर भाणात गेला की फेणी. किती आग, किती वेळ, किती ग्राव, हे भट्टीवाला फेसाच्या बुडबुड्यांवरून सांगतो. दोरूतल्या पायांना आपण 'परंपरा' म्हणतो. कोळंबीतल्या पायांना काय म्हणतो? "पायांनी तुडवलेलं कोण पिणार?" हे वाक्य मी सुशिक्षित तोंडातून ऐकले आहे, आणि तेच तोंड नंतर पणजीच्या द्राक्षमहोत्सवात टबमध्ये उभे राहून फोटो काढून घेताना पाहिले आहे.

गोव्यात वाइनची द्राक्षे पिकत नाहीत. गोव्याचे म्हणून पर्यटक पिशव्या भरून नेतात ते 'पोर्ट' परराज्यातल्या द्राक्षांचे, आणि पोर्ट हे नावही दुसऱ्यांचे. जे आपले आहे त्याची कथा मात्र जुनी आहे. गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात माडाच्या सुरेपासून गाळलेल्या दारूचे वर्णन आहे. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. त्यापासून फेणी करणे ही अक्कल मात्र इथल्या माणसाची. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ साली राज्याने तिला वारशाचे पेय ठरवले. तोवर कायद्याच्या लेखी ती 'देशी दारू' होती. कायदा बदलला. आपले नाक बदलले नाही.

इथे कोणीतरी म्हणणार, "मास्तर, तुम्ही दारूचा प्रचार करता की काय?" प्रश्न रास्त आहे. दारूने उजाड झालेली घरे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. माझे सख्खे काका दारूने गेले, आणि ते फेणीने नव्हे, चांगल्या महागड्या व्हिस्कीने. यकृत बाटलीवरचे लेबल वाचत नाही. म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे जे म्हटले गेले, ते मला पटले नाही. साधा हिशेब करा. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात बारा टक्क्यांनी अठरा मिलिलिटर मद्यार्क होतो. बेचाळीस टक्क्यांची फेणी साधारण त्रेचाळीस मिलिलिटर घेतली तर तेवढाच. एकीला फळांचा रस म्हणायचे आणि दुसरीला दारू, हे रसायनशास्त्र नव्हे. हा पंक्तिभेद आहे. न पिणाऱ्याला माझा नमस्कार. माझी आई आयुष्यात पेल्याला शिवली नाही, पण सर्दीत आमच्या छातीला फेणी तीच चोळायची, आणि ती कुठल्या भट्टीची हे तिला ठाऊक असायचे. माझे भांडण न पिणाऱ्याशी नाही. पिऊनही लाजणाऱ्याशी आहे.

दुसरा आक्षेप असा की फेणी खरोखरच वाईट मिळते. मिळते, हे मान्य. भेसळीची, पाणी घातलेली, घशाला जाळणारी. पण ती तशी का मिळते? कारण गिऱ्हाईक काही विचारत नाही. नाशिकला माझ्या भाच्याने द्राक्षाची जात, साल, पिंप, सगळे विचारले. गोव्यात त्याने आयुष्यात कधी विचारले नाही की ही कुठल्या गावची, कुठल्या वर्षीची, किती ग्रावाची. ज्या मालाबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, तो माल चांगला करण्याचे कष्ट कोण घेईल?

तिसरा आक्षेप: सरकार करते आहे की! करते. २०२३ च्या एप्रिलमध्ये पणजीत काजू महोत्सवही झाला. चांगलेच झाले. पण मांडवात बाटली दिसते, भट्टी दिसत नाही. दरवर्षी काजूच्या भागांची पावणी होते, भट्टीवाला पैसे भरतो, ऊन आणि धूर खातो, आणि मेअखेर पाऊस आला की त्याचे वर्ष संपते. त्याच्या दारी जाऊन, पैसे देऊन, शिकून येणारे गोंयकार किती?

मग शरदात गोव्याने काय करावे? शरदात काजू नसतो, पण माड असतो. आणि माडावर रेंदेर असतो. असायचा, म्हणायची वेळ जवळ आली आहे. पोय बांधायची, कातीने रोज तासायची, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायची, मध्ये दुपारी पुन्हा चढून पोय कापायची. दिवसातून तीनदा, पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावरूनही. त्याच सुरेवर आपल्या पोदेरांचा पाव फुगायचा, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सान्नां व्हायच्या, तिचाच विनागर, आणि तीच आटवून केलेला काळा गूळ आमच्या पातोळ्यांत. एवढे सगळे ज्याच्या हातचे, त्याचे नाव आम्ही घरात कसे वापरायचो? "अभ्यास कर, नाहीतर रेंदेर होशील." हे वाक्य माझ्या वडिलांनी मला ऐकवले. मी शिक्षक झाल्यावर वर्गात, निदान एकदा तरी, तेच म्हटले. समोर रेंदेराचा मुलगा बसला होता. तो आज एका हॉटेलात पाहुण्यांना वाइन ओततो. धंदा सोडला म्हणून आपण त्याला दोष देणार? धंदा सोडायला आपणच शिकवले.

जेवणाची जोडीही तीच गत. माशाबरोबर पांढरी वाइन हे आपण पाठ केले. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाची चव तोंडात उग्र होते, हे खरेही आहे. पण ते नियम बांधणाऱ्यांच्या ताटात तेफळ नव्हते, सोलं नव्हती, रेशादाचा मसाला नव्हता. तिखटावर मद्यार्क चढला की तोंड अधिकच भाजते. म्हणून आमच्या लोकांनी हुर्राकात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून तो पातळ केला, थंड केला. माडाच्या फेणीचा घोट आणि तव्यावरून उतरलेले तारले, ही जोडी कुठल्या पुस्तकात नाही. ती आमच्या गावच्या तावेर्नात होती, लाकडी बाकावर, कागदावर. ऑक्टोबरात तारले भरपूर असतात. हे शरदातले खाणे-पिणे नव्हे काय?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. फेणीच्या बाटलीवर गाव, भट्टी, वर्ष आणि ग्राव छापा. काजूच्या दिवसांत भट्टीवर जाण्याची रीतसर सोय करा, आणि तिकिटाचे पैसे दलालाच्या नव्हे, भट्टीवाल्याच्या हातात पडू द्या. माडाच्या फेणीलाही तेवढाच मान द्या, कारण ती काजूच्या आधीची आहे. आणि 'रेंदेर' हा शब्द शिवी म्हणून वापरणे आपापल्या घरात आजपासून बंद करा. शेवटच्या मागणीला सरकार लागत नाही.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठवले. आमच्या वाड्यावर आता एकच रेंदेर उरला आहे, साठीच्या पुढचा. तो उतरला, त्याने ताजी सूर गाळून पेल्यात दिली. भाच्याने न सांगता पेला तिरका केला, घोळवला आणि नाक आत नेले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फणस. आणि भिजवलेलं पावाचं पीठ."

त्याने खिशातून दोनशे रुपये काढून पुढे केले. रेंदेर माझ्याकडे बघत म्हणाला, "पळोवपाक पयशे कित्याक, मास्तर?"

नाशिकला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पैसे मी त्याच्या हातात कोंबले आणि आम्ही घरी आलो.

फेब्रुवारीअखेर आम्ही दोघे सत्तरीत भट्टीवर जाणार आहोत. गाडीत अजून तिघांची जागा आहे. येणार असाल तर कळवा.